बगॅसचं इथेनॉल ४८ तासांत अडकतं? एन्झाइम डबल करायच्या आधी हे करून बघा

दर वर्षी गाळप संपत आलं आणि एम.एस्सी.च्या पोरांचं प्रोजेक्ट सबमिशन तोंडावर आलं की मला तोच प्रश्न येतो. "मॅडम, बगॅसला ॲसिड प्रीट्रीटमेंट केली, सेल्युलेज घातलं, यीस्ट घातलं, पहिले २४ तास मस्त चाललं, आता ४८ तास झाले तरी इथेनॉल जागचं हलत नाही, एन्झाइम डबल करू का?" (बगॅस म्हणजे रस काढल्यावर उरणारा उसाचा चोथा; प्रीट्रीटमेंटने तो सैल करायचा, सेल्युलेज या एन्झाइमने त्यातल्या सेल्युलोजची साखर करायची आणि यीस्टने ती आंबवून इथेनॉल करायचं.) मी एका डिस्टिलरीच्या लॅबमध्ये आहे, तिथलं रोजचं काम मळीचं, पण गेली काही वर्षं बगॅसवर पण ट्रायल घेतोय आणि ही अडचण मी स्वतः इतक्या वेळा भोगलीय की आता उत्तर एकदाच नीट लिहून ठेवते. एन्झाइम डबल करू नका. निदान आज तरी नको. एन्झाइम ही त्या फ्लास्कमधली सगळ्यात महाग वस्तू आहे, आणि माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ वेळा दोष तिचा नसतोच.

आधी एवढंच ठरवा की फ्लास्कमध्ये साखर संपलीय, की साखर आहे पण खाणारा मेलाय. हे दोन पूर्ण वेगळे आजार आहेत आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, बुडबुडे बंद, बास.

त्यासाठी मी चार बाटल्यांची टेस्ट करते. अडकलेल्या फ्लास्कमधलं सगळं नीट हलवून ५०-५० मिली चार लहान बाटल्यांत घ्यायचं, चोथ्यासकट, फक्त वरचं पाणी नाही. पहिलीत काहीच घालायचं नाही. दुसरीत १ ग्रॅम ग्लुकोज. तिसरीत तेवढंच ग्लुकोज आणि सोबत ताजं, रात्री वाढवलेलं यीस्ट. चौथीत ताजं सेल्युलेज आणि थोडं बीटा-ग्लुकोसिडेज (सेल्युलेजने केलेले तुकडे ग्लुकोजपर्यंत तोडणारं जोड एन्झाइम). सगळ्यांना रबरी बूच, बुचात एक बारीक सुई गॅस जायला, आणि ३२ डिग्रीला ठेवून दर दोन-तीन तासांनी नुसतं वजन करायचं. एचपीएलसीसारखं महाग मशीन लागत नाही, सॅम्पल कुठे पाठवायला लागत नाही. १ ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबलं तर ०.४९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ०.५१ ग्रॅम इथेनॉल मागे राहतं, म्हणजे वजन जेवढं घटलं त्याला १.०५ ने गुणलं की इथेनॉल आलं. दोन दशांशांपर्यंतचा साधा काटा यासाठी पुरतो. मी तर आता मेन फ्लास्कचं पण रोज सकाळ-संध्याकाळ वजन करते, वहीत आकडे एकाखाली एक लिहिले की बॅच कुठल्या तासाला थांबली ते सरळ दिसतं.

आता वाचायचं कसं. दुसऱ्या बाटलीचं वजन घटायला लागलं म्हणजे यीस्ट जिवंत आहे, त्याला खायला मिळत नव्हतं, म्हणजे गोंधळ साखर सुटण्यात आहे. दुसरी गप्प पण तिसरी चालली तर यीस्ट मेलंय, पण रस (फ्लास्कमधलं साखरेचं पाणी) आता विषारी राहिलेला नाही, तेव्हा टेम्परेचर आणि इनॉक्युलम, म्हणजे सुरुवातीला घातलेलं यीस्ट, बघा. तिसरी पण गप्प असेल तर रसातच काहीतरी आहे जे ताज्या यीस्टलाही जगू देत नाही. अशा वेळी तोच रस निम्मा पाण्याने पातळ करून पीएच परत लावून ग्लुकोज आणि यीस्ट घालून बघा, पातळ केल्यावर चाललं तर इनहिबिटर, म्हणजे यीस्टला अडवणारं काहीतरी, पक्का. चौथी बाटली चालली तरच, फक्त तेव्हाच, एन्झाइमवर पैसे घालवायचा विचार करा.

पण या सगळ्याच्याही आधी एक गोष्ट, कारण निम्म्या पोरांचा फ्लास्क अडकलेलाच नसतो, हिशोब चुकलेला असतो. तुम्ही साखर मोजता डीएनएसने, म्हणजे रंग बघून साखर मोजायच्या नेहमीच्या टेस्टने. डीएनएस सगळी रिड्युसिंग शुगर मोजतं, त्यात झायलोज पण आलं, आणि साधं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस झायलोज खात नाही. ॲसिड प्रीट्रीटमेंटमध्ये हेमिसेल्युलोज (बगॅसमधला सेल्युलोजच्या सोबतचा घटक) फुटून झायलोज ही साखरच तर सुटते, आणि ते पाणी तुम्ही टाकलेलं नसतं! समजा डीएनएसला लिटरला ६० ग्रॅम साखर दिसली आणि इथेनॉल आलं १७ ग्रॅम. ०.५११ ने हिशोब केला तर ३०.७ यायला हवं होतं, म्हणजे ५५ टक्केच, रडू येतं. पण तोच रस ग्लुकोज किटवर लावला आणि ग्लुकोज ३८ ग्रॅमच निघालं तर जास्तीत जास्त १९.४ येऊ शकत होतं, त्यातलं १७ आलंय म्हणजे ८८ टक्के, म्हणजे तुमच्या यीस्टने आपलं काम चोख केलंय. हे किट म्हणजे पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तातली साखर बघायला वापरतात तेच जीओडी-पीओडी किट, कुठल्याही मेडिकल डिस्ट्रिब्युटरकडे मिळतं. रस भरपूर पातळ करून लावा कारण लिग्निनमधले फिनॉल त्या रंगात ढवळाढवळ करतात, आणि एका ट्यूबमध्ये माहीत असलेलं ग्लुकोज मिसळून तेवढं परत येतंय का ते तपासा. एन्झाइमच्या बाटलीत पण बऱ्याचदा आधीपासून थोडी साखर असते, तेव्हा बगॅस न घालता नुसतं एन्झाइम आणि बफरचा एक ब्लँक, म्हणजे वजा करायला एक कोरी ट्यूब, पाहिजेच.

इथेनॉलच्या बाजूला पण तसंच. डायक्रोमेट या रसायनाने मोजत असाल तर आधी डिस्टिल करा, सरळ रसात घातलं तर ते साखरेशी पण रिॲक्ट होतं. आणि कापसाचा बोळा लावून १५० आरपीएमला तीन दिवस शेकरवर ठेवलेल्या फ्लास्कमधून इथेनॉल उडतं, शिवाय ग्लुकोज संपल्यावर हवा मिळाली की यीस्ट तेच इथेनॉल परत खायला लागतं. ४८ तासांनी इथेनॉल वाढायचं सोडून कमी का झालं असं विचारणाऱ्यांनी आधी बोळा काढा आणि बूच लावा.

हिशोब बरोबर आहे आणि तरी तिसरी बाटली गप्प आहे, तर मग खरा त्रास. इथे मी जरा सावकाश लिहिते कारण माझी दोन हंगामांची मेहनत इथेच गेलीय.

पहिली गोष्ट म्हणजे पीएच, आणि तो सुरुवातीला लावलेला नाही तर दोन तासांनंतरचा. एक टक्का सल्फ्युरिक घालून १२१ डिग्रीला तासभर ऑटोक्लेव्ह केलेलं बगॅस तुम्ही धुता, पण ते स्पंजसारखं असतं, आतल्या पोकळ्यांत ॲसिड अडकून राहतं. तुम्ही बफर घालता, ४.८ दिसतो, खूश होता, आणि आतलं ॲसिड हळूहळू बाहेर येऊन तासा-दोन तासांत पीएच ४ च्या खाली. कॉस्टिक सोड्याने केलेल्या बगॅसचं याच्या उलट, तिथे पीएच चढत जातो. मी हे कितीतरी दिवस बघितलंच नव्हतं कारण वहीत पीएचचा कॉलम एकच होता, शून्य तासाचा. आता पीएच लावून ढवळत दोन तास ठेवते, परत लावते, रात्रभर तसंच ठेवून सकाळी परत बघते, आणि हलायचा थांबला की मगच एन्झाइम.

दुसरी गोष्ट ॲसेटिक ॲसिड. हे कुणी घातलेलं नसतं त्यामुळे कुणाच्या डोक्यात येत नाही. बगॅसच्या हेमिसेल्युलोजवर ॲसिटिल गट लटकलेले असतात, प्रीट्रीटमेंटमध्ये ते सुटतात, आणि १० टक्के सॉलिड्सला न धुतलेल्या रसात लिटरला ३-४ ग्रॅम ॲसेटिक सहज होतं. आता गंमत अशी नाही की ॲसिड किती आहे, मुद्दा असा आहे की त्यातलं न फुटलेलं अख्खं ॲसिड किती आहे, कारण तेच यीस्टच्या पेशीत शिरतं, आत गेल्यावर फुटतं आणि पेशीला आतून आंबट करतं, मग यीस्टची सगळी ताकद प्रोटॉन बाहेर फेकण्यात जाते. ॲसेटिकचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मं ॲसिड अख्खं आणि निम्मं फुटलेलं असतं तो आकडा, ४.७६. म्हणजे पीएच ४.५ ला जवळजवळ ६५ टक्के ॲसिड अख्खं असतं आणि ५.५ ला फक्त १५ टक्के. तेवढंच ॲसिड, तेवढंच यीस्ट, पीएच एकने वर नेला तर विष पाव भागावर येतं. प्रोटोकॉलमध्ये ४.८ लिहिलंय कारण ते एन्झाइमच्या आवडीचं आहे, यीस्टच्या नाही. एन्झाइम आणि यीस्ट एकत्र घालणार असाल तर मी ५.२ ते ५.५ च्या मध्ये ठेवते, एन्झाइमचं फार बिघडत नाही आणि यीस्ट जगतं.

फरफ्युरल आणि एचएमएफ, म्हणजे साखर जास्त तापून होणारे दोन इनहिबिटर, यांची भीती सगळ्यांना असते, त्यांचं वागणं मात्र वेगळं आहे. फरफ्युरल झायलोज जास्त तापल्याने होतं, एचएमएफ ग्लुकोज-फ्रुक्टोजपासून. लिटरला एखाद-दोन ग्रॅम फरफ्युरल असलं तर यीस्ट मरत नाही, थबकतं, आधी त्याला फरफ्युरिल अल्कोहोलमध्ये बदलतं आणि मग कामाला लागतं. म्हणून १२ तास काहीच हललं नाही म्हणून घाईने फ्लास्क ओतून देऊ नका, २४ तास थांबा. जास्तच असेल तर चुन्याची निवळी नाही तर सरळ चुना घालून ५०-६० डिग्रीला पीएच १० पर्यंत न्यायचा, अर्धा तास ठेवायचं, जिप्सम गाळायचं, परत ५.५ वर आणायचं. याला ओव्हरलायमिंग म्हणतात, जुनी पद्धत आहे, स्वस्त आहे, पण थोडी साखर जातेच. त्यापेक्षा यीस्टला सवय लावणं मला जास्त आवडतं, आधी १० टक्के रसात वाढवा, मग २५, मग ५०, आणि शेवटी भरपूर यीस्ट घाला. नुसत्या वायपीडी मीडियात, म्हणजे लॅबच्या तयार पौष्टिक खाद्यात, लाडात वाढलेलं यीस्ट एकदम या रसात टाकलं की त्याला धक्का बसतोच.

आता ती गोष्ट जी मला सगळ्यात जास्त सांगायचीय. मागच्या हंगामात दोन मुली माझ्याकडे प्रोजेक्टला होत्या, हायड्रोलिसिस सुंदर झालं, ग्लुकोज किटवर भरपूर ग्लुकोज, पीएच बरोबर, रस चुना देऊन स्वच्छ केलेला, आणि यीस्ट तीन दिवस ढिम्म. पातळ केलं तरी ढिम्म. त्यांनी आणि मी मिळून यीस्ट तीनदा बदललं, एकदा तर पुण्याला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) एनसीआयएम या सूक्ष्मजीव संग्रहातून यीस्टची नवीन स्लँट (शुद्ध कल्चरची ट्यूब) मागवली. शेवटी मी त्यांची वही पहिल्या पानापासून वाचली. त्यांनी हायड्रोलिसिस अमेरिकेच्या एनआरईएल या सरकारी ऊर्जा प्रयोगशाळेच्या जुन्या प्रोटोकॉलप्रमाणे केलं होतं, आणि त्यात रस खराब होऊ नये म्हणून टेट्रासायक्लिन आणि सायक्लोहेक्झिमाइड घालतात. टेट्रासायक्लिन बॅक्टेरियासाठी. सायक्लोहेक्झिमाइड बुरशी आणि यीस्टसाठी! १० मिलीत १० मिग्रॅ प्रति मिलीचं ३० मायक्रोलिटर, म्हणजे रसात मिलीला ३० मायक्रोग्रॅम, यीस्टची वाढ थांबवायला याच्या कितीतरी कमी पुरतं. तो प्रोटोकॉल नुसतं साखर किती सुटते ते मोजण्यासाठी आहे, त्या रसाचं पुढे इथेनॉल करण्यासाठी नाही. काहीजण त्याऐवजी सोडियम अझाइड घालतात, त्याचंही तेच. मुलींची चूक नव्हती, प्रोटोकॉल नीट पाळला म्हणूनच फसलं, आणि मी पहिल्याच दिवशी वही बघायला हवी होती. तेव्हा जो रस आंबवायचाय त्यात फक्त बॅक्टेरियाचं ॲन्टिबायोटिक, आणि शक्य असेल तर तेही नको, एन्झाइम ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळून घ्या, कारण बाजारातली एन्झाइमची बाटली निर्जंतुक नसते.

लॅक्टिकचं, म्हणजे साखर खाऊन लॅक्टिक ॲसिड करणाऱ्या बॅक्टेरियाच्या शिरकावाचं, थोडक्यात सांगते. ग्लुकोज घटतंय, इथेनॉल वाढत नाही, पीएच उतरतोय आणि वास दह्यासारखा, तर मायक्रोस्कोप काढा, यीस्टच्या मोठ्या गोल पेशींमध्ये बारीक काड्या दिसतील. तोच थेंब मिथिलीन ब्लूने बघितला तर मेलेलं यीस्ट निळं दिसतं, जिवंत बिनरंगाचं, दोन्ही कामं एकाच स्लाइडवर.

आता दुसरा आजार, म्हणजे यीस्ट जिवंत आहे पण साखर सुटत नाही. इथे पहिला प्रश्न मी विचारते तो असा, प्रीट्रीटमेंटनंतर बगॅस वाळवलं का? आणि दर वेळी उत्तर येतं, हो मॅडम, ओव्हनमध्ये ६० डिग्रीला, वजन कॉन्स्टंट येईपर्यंत. इथेच घात होतो. प्रीट्रीटमेंटने तंतूंमध्ये जी बारीक भोकं उघडली होती, ज्यातून एन्झाइम आत शिरणार होतं, ती वाळताना मिटतात आणि परत भिजवलं तरी पूर्ण उघडत नाहीत. भाकरी एकदा कडक वाळली की पाण्यात टाकून ताजी होत नाही, तसंच. ओलंच ठेवा, घट्ट पिशवीत, फ्रिजमध्ये, आणि ओलावा किती ते एका लहान नमुन्यावर वेगळं काढा.

दुसरं, एन्झाइम खरंच जिवंत आहे का ते बगॅसवर तपासू नका. एका फ्लास्कमध्ये व्हॉटमन नंबर १ चा फिल्टर पेपर कापून घाला, बाकी सगळं तेच. एन्झाइमची ताकद ज्या एफपीयूमध्ये (फिल्टर पेपर युनिटमध्ये) मोजतात तो आकडा याच पेपरच्या ५० मिलिग्रॅमच्या पट्टीवर काढतात, दिल्ली आयआयटीच्या टी. के. घोष यांनी १९८७ मध्ये आययूपीएसीसाठी ती पद्धत लिहिली. पेपर विरघळला आणि बगॅस नाही, तर एन्झाइमला दोष देऊ नका. हे एन्झाइम ज्या बुरशीचं, त्या ट्रायकोडर्मा रीसीची मूळ जात दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचं कापडी सामान कुजवताना सापडली. कापसाच्या कापडात लिग्निन नसतं. बगॅसमध्ये २० ते २५ टक्के असतं, ते वाटेत उभं राहतं आणि वर एन्झाइमला चिकटवून पण ठेवतं. ॲसिडने हेमिसेल्युलोज जातं, लिग्निन तसंच राहतं, ते काढायचं तर कॉस्टिक. एन्झाइम वाढवण्याऐवजी थोडं ट्वीन-८० (साबणासारखं एक द्रव्य) घालून बघा, ते लिग्निनला जाऊन चिकटतं आणि एन्झाइम मोकळं राहतं, कितीतरी स्वस्त पडतं.

तिसरं बीटा-ग्लुकोसिडेज. ते कमी पडलं की सेलोबायोज, म्हणजे दोन ग्लुकोजची न तुटलेली जोडी, साठतं, साधं यीस्ट ते खात नाही आणि सेल्युलेज त्यानेच गुदमरतं. चौथ्या बाटलीसोबत नुसतं बीटा-ग्लुकोसिडेज घातलेली एक जोड बाटली करा, तेवढ्यानेच ती धावली तर रोग सापडला.

टेम्परेचरबद्दल एकच. एन्झाइमला ५० हवं, यीस्टला ३२, एकत्र करताना ३६-३७ वर तडजोड करायची आणि मग ४८ नाही तर ७२ तास धरायचे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे लॅबच ४० ला जाते, ज्या शेकरला कूलिंग नाही तो ३५ वर लावला तरी ४१-४२ दाखवतो, आणि रसात इथेनॉल झालेलं असताना यीस्टला ती उष्णता अजिबात सोसत नाही. शेकरच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका, फ्लास्कमध्ये थर्मामीटर घाला.

मळीवर काम केलेल्यांसाठी खास सांगते कारण मी स्वतः तिथूनच आले. मळीत यीस्टला लागणारे बरेचसे क्षार-जीवनसत्त्वं असतात, आपण युरिया आणि डीएपी टाकतो आणि ते चालतं. धुतलेल्या बगॅसच्या रसात साखरेशिवाय जवळजवळ काहीच नसतं. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, थोडं मॅग्नेशियम सल्फेट द्या, नाही तर ते अर्ध्यावर उपाशी बसतं. आणि बगॅस कारखान्यातून आणल्यावर गरम पाण्याने धुवा, त्यात दोनेक टक्के ऊसाची साखर राहिलेली असते, ती पहिल्या काही तासांत आंबते आणि बॅच जोरात चाललीय असं वाटतं, शिवाय प्रीट्रीटमेंटमध्ये तिचंच एचएमएफ होतं. पाचट वापरत असाल तर माती झटकून धुवा, माती आणि राख ॲसिड खाऊन टाकते, मग १ टक्का ॲसिड घातलं तरी आत तेवढं उरत नाही.

आणि किती इथेनॉल यायला हवं याचा आकडा डोक्यात नीट ठेवा. १०० ग्रॅम कोरड्या बगॅसमध्ये ४० ग्रॅम सेल्युलोज धरलं तर १.११ ने ४४ ग्रॅम ग्लुकोज, त्यातून साडेबावीस ग्रॅमच्या आसपास इथेनॉल, म्हणजे टनाला जेमतेम २८५ लिटर, आणि हे कागदावरचं शंभर टक्के, झायलोज सोडून. पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यावरचा प्लांट १० ऑगस्ट २०२२ ला देशाला अर्पण झाला, टेक्नॉलॉजी आपल्या पुण्याच्या प्राजची, तिथे जाहीर झालेला आकडा वर्षाला २ लाख टन पेंढा आणि ३ कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनाला १५०. कच्चा माल वेगळा आहे, ओलावा धरलेला आहे, तरी अंदाज येतो. तेव्हा तुमच्या फ्लास्कने टनाला १६०-१७० चा हिशोब दिला आणि गाईड नाराज असतील तर त्यांना हा हिशोब मांडून दाखवा.

एवढं सगळं करून पहिली आणि चौथी बाटली गप्प बसली, ग्लुकोज किटवर शून्य, पेपरवालं एन्झाइम जिवंत, दुसऱ्या बाटलीतलं ग्लुकोज मात्र यीस्टने सहा तासांत संपवलं, तर खाली बसलेला तपकिरी चोथा गाळून वाळवा आणि त्यात सेल्युलोज किती उरलंय ते काढा. बरंच उरलं असेल तर प्रीट्रीटमेंट कमी पडलीय, परत तिथे जायचं. जवळजवळ काहीच नसेल तर बॅच अडकलेली नाही, पूर्ण झालेली आहे, तो चोथा लिग्निनचा आहे आणि त्याची जागा बॉयलर.